कुलपाचा चौकोन

बारसं होऊन तीन आठवडे झाले होते. तरी पराग ओगले रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाळण्यापाशी यायचा, आत वाकून बघायचा आणि परक्याच्या घरी आल्यासारखा आदबीने विचारायचा, "कुणाचं बाळ?"

पहिल्या दिवशी मायरा, म्हणजे त्याची मुलगी, रडली. दुसऱ्या दिवशी तिने समजावून सांगितलं. आता ती दुपट्याची घडी घालताना मानसुद्धा वर करत नसे. "माझं. तुझी नात. द्वारका."

"द्वारका! झकास. कुणी ठेवलं नाव?"

"तूच, बाबा."

हे खरं होतं. नावांची फॅशन फिरून पुन्हा जुन्याकडे आली होती. त्यामुळे आजी ऋजुता, आई मायरा आणि पाळण्यात द्वारका, असा वंशवृक्ष उलटा टांगल्यासारखा दिसायचा. पण आजोबांनी ठेवलेलं नाव आजोबांनाच दुपारपर्यंत पुरत नव्हतं.

ऋजुता स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत हे ऐकायची. तिला या संवादाचा कंटाळा यायचा, तो टप्पाही आता मागे पडला होता. नळाचं पाणी जाण्याची वेळ जशी माणूस गृहीत धरतो, तशी तिने "कुणाचं बाळ?"ची वेळ गृहीत धरली होती.

परागची पुरवणी भरली होती, एवढाच प्रकार होता.

पुरवणी हे नाव लोकांनी दिलेलं. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक होतं आणि उच्चारताना जीभ दुखायची. परीक्षेत मूळ पेपर भरला की हात वर करून मागायची, तीच ही पुरवणी. नऊ वर्षांपूर्वी परागला मेंदूज्वर झाला आणि मेंदूतला समुद्रघोड्याच्या आकाराचा एक चिमुकला भाग निकामी झाला. दिवसभरात घडलेलं पक्कं करून ठेवायचं, हे त्या भागाचं काम. तो गेला की माणूस चालतो, बोलतो, तोंडी व्याज काढतो, पण सकाळचं त्याच्याजवळ दुपारी उरत नाही. म्हणून कानामागच्या हाडात नखाएवढी चकती बसवली.

त्या चकतीत काही चित्रफिती नव्हत्या. आठवण म्हणजे मेंदूतल्या काही ठरावीक पेशी एकदम उजळणं. कोण कुणाबरोबर उजळलं, त्याच्या गाठी तेवढ्या पुरवणी सांभाळते आणि वेळ आली की त्याच पेशींना हलकीशी वीज देऊन उठवते. मात्र आठवणं म्हणजे कपाटातली वस्तू काढून, बघून परत ठेवणं नव्हे. प्रत्येक वेळी आठवण उसवते आणि पुन्हा विणली जाते. धडधाकट मेंदू ही नवी वीण जुनीवरच चढवतो. पुरवणी तसं करत नसे. माणसाचं काही पुसलं आणि तो कोर्टात गेला तर काय घ्या, असं कंपनीच्या वकिलांचं मत पडलं होतं. तेव्हा नवी प्रत जुनीच्या शेजारी. ज्वराच्या आधीचं जुनं काही आठवलं तर तेही मेंदूतून उसवून पुरवणीतच उतरायचं, आणि पुढे जितक्यांदा आठवेल तितक्या प्रती. म्हणजे पुरवणीतली जागा आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगांनी अडवलेली नसते. ती अडवतं ते, जे माणूस पुन्हा पुन्हा आठवत बसतो.

वकील हुशार होते, पण कंपनी बुडाली. ती दुसरीने घेतली, दुसरीने तिसरीला विकली, आणि तिसरीने अत्यंत गोड भाषेत कळवलं की या जुन्या चकतीला मोठी चकती जोडता येत नाही. आता नवं काही ठेवायचं तर जुनं काढायचं.

त्यासाठी मिरजेला जायचं होतं. काळ कितीही पुढे गेला तरी सांगलीकर डॉक्टरसाठी मिरजेलाच जातो.

त्या दिवशी मायरा बाळाला डोस द्यायला घेऊन गेली होती, तेव्हा घर बंद करून निघायचं होतं. दार शहाणं होतं. माणसं ओळखून आपलं आपण उघडायचं, आपलं आपण लागायचं. पण परागने त्याला लोखंडी कोयंडा ठोकून घेतला होता आणि त्यात मुठीएवढं जुनं कुलूप. सगळी नोकरी त्याने सहकारी बँकेच्या लॉकर विभागात काढली होती. ग्राहकाचा लॉकर बंद केला की त्याच्यादेखत ओढून दाखवायचा, मग वळून ग्राहकाकडे बघायचं, आणि ग्राहकाने मान हलवल्याशिवाय त्या खोलीतून पाय बाहेर टाकायचा नाही, ही त्याची शिस्त. पुढे कुणी म्हणायला नको की लॉकर उघडा राहिला होता.

लग्न झाल्यावर ग्राहकाची जागा ऋजुताकडे आली. ती पिशवी घेऊन फाटकापाशी उभी. तो कुलूप लावणार, ओढणार, पुन्हा ओढणार, मग वळून तिच्याकडे बघणार. तिने मान हलवली की मगच पायऱ्या उतरणार. कधी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार. या कुलपापायी त्यांच्या एसट्या चुकल्या होत्या, सिनेमांच्या सुरुवाती हुकल्या होत्या. मायराच्या वेळी तर ऋजुता कळा देत रिक्षात बसलेली, आणि हा गृहस्थ रिक्षा थांबवून कुलूप ओढायला परत गेला होता. ते तिने माफ केलेलं नव्हतं. करायचा विचारही नव्हता.

"बघितलंस?" परागने विचारलं.

"बघितलं. चल."

"प्रवासी उशीर करत आहेत," बिनचालकाची रिक्षा मंजुळ आवाजात म्हणाली.

"ही एकटीच माझ्या बाजूची," ऋजुता म्हणाली आणि आत बसली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात पुरवण्यांचं काम आफरीन मुल्ला बघायची. वय चाळिशीचं, आणि चेहरा असा की रोज दहा माणसांच्या डोक्यात डोकावून तिथे विशेष काही नसतं हे तिला कळून चुकलं असावं. तिने परागच्या कानामागे एक वाटी चिकटवली आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. मोठे, लहान, चिंचोळे, एकमेकांना खेटून बसलेले, बोट ठेवायला जागा नाही.

"हा तर गुंठेवारीचा नकाशा," पराग म्हणाला.

"तसंच समजा काका. जेवढी जागा अडवली तेवढा चौकोन. रंग आतल्या मालाचा. हिरवं म्हणजे हाताच्या हालचाली, निळं आवाज, पिवळं वास, तांबडं चेहरे. आणि वर नाव लिहिलेलं असतं ते प्रोग्राम स्वतः देतो. ज्या गाठी एकीला एक जोडलेल्या, त्या एका चौकोनात. त्या सगळ्यांत जे सारखं, ते नाव."

सगळ्यात मोठा चौकोन डाव्या हाताला होता. जवळजवळ एक तृतीयांश पडदा त्याने खाल्ला होता. हिरवागार. वर लिहिलं होतं, 'कुलूप'.

ऋजुता हसली नाही. काही गोष्टी इतक्या अपेक्षेप्रमाणे निघतात की हसायचाही उत्साह राहत नाही.

त्याच्या खालोखाल 'देशिंगकर'. परागच्या ऐवजी मॅनेजर झालेला सहकारी. दाढी करताना रोज आठवला जाणारा. मग 'पाण्याची मोटर', 'गुडघा', 'मायराची शाळा', 'दहावीचं गणित'. ऋजुताची नजर पडदाभर फिरली. उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक चौकोन होता. 'ऋजुता'.

"मला जरा पाणी मिळेल का?" ती म्हणाली.

परागने पण ते पाहिलं होतं. "अगं, तू समोरच असतेस. समोर असलेलं माणूस कशाला आठवत बसायचं?"

"वा. हे फ्रेम करून लावूया दिवाणखान्यात."

"काकू, जागेवरून काही धरू नका," आफरीन म्हणाली. हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला म्हणत असणार. "कालच एक आजोबा आले होते. निम्मी पुरवणी 'चष्मा कुठे ठेवला' याने भरलेली."

"उघडून बघता येईल का आत काय आहे ते?"

"उघडायचं म्हणजे काकांना ते आठवायला लावायचं. आठवलं की नवी प्रत होणार. प्रत ठेवायला जागा पाहिजे." आफरीनने खांदे उडवले. "जागा करायची का हे बघायला आधी जागा लागते. मी नाही बनवलं हे."

मग पराग आणि ऋजुताची चर्चा झाली. चर्चा म्हणजे नेहमीचीच.

"देशिंगकरला काढ," ती म्हणाली.

"छे! त्याला विसरलो तर त्याने काय केलं ते लक्षात कोण ठेवणार?"

"तो वारला, पराग."

"म्हणून तर. त्याच्या बाजूने पण आता मीच उरलोय."

"मग कुलूप."

"कुलूप..." परागचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. "कुलूप नको गं काढू."

"का?"

"सांगता येत नाही. बरं वाटतं."

"कुलपाने बरं वाटतं?"

"हो. म्हणजे, ओढून बघितलं की."

आफरीन पडद्याजवळ गेली होती. "हिरव्यात तांबडे ठिपके आहेत बघा काकू. सगळीकडे पसरलेत. कुणाचा तरी चेहरा असणार."

"समोरच्या पाटील वहिनी असतील," ऋजुता म्हणाली. "आम्ही निघालो की खिडकीत उभ्याच असतात."

एसट्या, सिनेमे आणि ती कळांची रिक्षा तिच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेली. सगळ्यांच्या पुढे ते मुठीएवढं कुलूप. आणि कोपऱ्यातलं पोस्टाचं तिकीट. तिने आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "पराग, तुला द्वारका पाहिजे की कुलूप?"

परागने तिच्याकडे बघितलं. मग आफरीनकडे.

"द्वारका कोण?"

"काढा," ऋजुता आफरीनला म्हणाली. "कुलूप काढा."

परागने मान हलवली. ऋजुता म्हणेल ते, असं त्याने सांगितलं. आपण इथे कुणाची वाट बघतोय, असंही लगेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पाळण्यापाशी आला. मायराने घडी घालता घालता तोंड उघडलं, इतक्यात पराग म्हणाला, "काय द्वारकाबाई, उठलात? काल डोसामुळे फार रडलात म्हणे."

मायरा जी रडायला लागली ती बाळापेक्षा मोठ्याने. ऋजुताच्या हातातला लाडू परातीत फुटला. तो तिने पुन्हा वळला आणि परागच्या बशीत ठेवला. बाळंतिणीचे लाडू त्याला देत नाहीत, पण त्या दिवशी दिले.

पुढचे दिवस बरे गेले. पराग आंघोळ घालणाऱ्या बाईंशी पाण्याच्या उष्णतेवरून वाद घालायचा आणि कालचा वाद आज पुढे चालू ठेवायचा. द्वारकेला उजव्या कुशीवर झोप लागते, हे त्याचं संशोधन. देशिंगकर रोज दाढीच्या वेळी येतच होता. घरातून निघताना दार आपलं आपण लागायचं आणि पराग सरळ पायऱ्या उतरून, फाटकापाशी उभ्या असलेल्या ऋजुताच्या बाजूने पुढे रिक्षात जाऊन बसायचा. कुलूप खुंटीवर लटकत होतं. रिक्षाला बोलायला काही कारण उरलं नव्हतं.

पहिल्या खेपेला ऋजुताने सवयीने मान हलवली होती. बघायला कुणी नव्हतं. आपण एकट्याच मान हलवतोय हे पाटील वहिनींनी तेवढं पाहिलं.

मायरा परत पुण्याला जाण्याच्या आदल्या रविवारी दुपारी सगळी जेवून पसरली होती. मायराने बाळाला मांडीवर घेऊन घरातली ती जुनी गोष्ट काढली. प्रत्येक वाढदिवसाला ही गोष्ट व्हायचीच. "तुला सांगू द्वारके, तुझी आजी रिक्षात ओरडतेय, आणि तुझे आजोबा काय करतायत? कुलूप ओढायला परत गेलेत!"

या जागी पराग नेहमी म्हणायचा, "पण लागलेलं होतं की नाही?" आणि ऋजुता म्हणायची, "मी मेले असते." असं ठरलेलं होतं.

पराग पुढे सरसावून बसला. "मग? पोचले का वेळेवर?"

मायरा हसली. "बाबा, नाटक पुरे."

"नाही, खरंच. कुणाची गोष्ट आहे?"

ऋजुता उठून बसली. तिने मायराकडे बघितलं नाही. "पराग, आपण गणपतीपुळ्याला गेलो होतो. आठवतंय?"

"आपण?"

"मलकापुरातून परत फिरलो होतो. तुला कुलपाची शंका आली म्हणून."

परागने आठवून बघितलं. तिला तो चेहरा ठाऊक होता. हुशार विद्यार्थ्याला न शिकवलेला प्रश्न आल्यावर होतो तसा.

"माझे बाबा गेले तेव्हा? पहाटे निघालो होतो आपण. कुलूप ओढलंस आणि माझ्याकडे बघून पुन्हा आत गेलास, माझी शाल आणायला."

"तुझे बाबा गेले ते माहीत आहे की. फोन आला तेव्हा तू पोळ्या करत होतीस." तो सावकाश बोलत होता, एकेक पायरी चाचपून. "पुढे तू परत आल्यावरचं आठवतं. खूप दिवस जेवली नाहीस."

घरातलं सगळं शाबूत होतं. पोळ्या, आजारपणं, भांडणं, मायराचा अभ्यास. फाटकापलीकडे काही नव्हतं.

"आपण दोघं फारसे कुठे गेलोच नाही ना गं," पराग म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी मायराला गाडीत बसवून दिल्यावर ऋजुता एकटी मिरजेला गेली. आफरीनने तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला जातो तेव्हा बातमी कशी असते हे ऋजुताला नऊ वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"परत आणता येत नाही, काकू. जुन्या कंपनीत एक प्रत असायची. ती कंपनीच नाही."

"ते मी धरूनच आले. मला एवढं सांग, कुलपात हे सगळं कसं गेलं?"

आफरीनने पडदा लावला. डाव्या हाताला मोठीच्या मोठी पांढरी जागा होती, एखाद्या वसाहतीतली घरं पाडल्यासारखी. "काका कुलूप ओढायचे तेव्हा त्यांना आधीचं बाहेर पडणं आठवत असणार. त्यावरून त्याच्या आधीचं. हात कुलपाला लागला की पूर्ण माळ ओढली जायची. रोज. बरं वाटतं म्हणाले होते ना?"

"मग नाव कुलूप कशाला?"

"जे सगळ्या प्रतींत सारखं, ते नाव. यात दोन गोष्टी सारख्या होत्या. दोन असल्या की प्रोग्राम हाताने केलेली गोष्ट आधी धरतो. नाव एकच लिहितो, दोन मावत नाहीत." आफरीन पडद्याकडे वळली. "पुसताना यंत्र मोजदाद करतं. ती मी नंतर बघितली. ते तांबडे ठिपके. चेहरा एकच होता, काकू. सगळीकडे तोच. पाटील वहिनी नव्हत्या त्या."

ऋजुता पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. पोस्टाचं तिकीट जागच्या जागी होतं.

"तो चेहरा या लहान चौकोनातल्या चेहऱ्याशी जुळला. तुमचा चौकोन लहान दिसला, कारण तुम्ही बहुतेक तिकडेच होतात." आफरीनने चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "मला आधी लक्षात यायला हवं होतं."

"तुला कसं येणार? मान मी हलवत होते, आणि मलाच आलं नाही."

चहा गोड होता. ती तो पुरा प्यायली. मग पांढऱ्या भागाकडे बोट करून म्हणाली, "ही जागा किती दिवस पुरेल?"

"द्वारका मोठी होईपर्यंत आरामात. उरेल सुद्धा."

"उरेल ना?"

"भरपूर."

त्याच संध्याकाळी ऋजुताने रिक्षा बोलावली. पराग टीव्हीसमोरून उठला. "कुठे जायचंय?"

"भडंग आणायला."

"घरात आहे की डबाभर."

"दुसरं आणू."

दोघं बाहेर आली. दार आपलं आपण लागलं. ऋजुताने खुंटीवरून आणलेलं कुलूप परागच्या हातात दिलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं, बँकेतलं काहीतरी ओळखल्यासारखं.

"अगं, दार लागलंय आपोआप."

"लाव तू."

"काय बाई हौस," असं म्हणत त्याने लावलं. ऋजुता पायऱ्या उतरून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. खांद्यावरची पिशवी नीट केली. ओढणी नीट केली. समोरच्या खिडकीत पाटील वहिनी आल्या.

"आता ओढून बघ," तिने तिथून सांगितलं.

परागने ओढलं. लोखंड खणकलं.

"आणि माझ्याकडे बघ."

तो वळला. वय झालेला, गुडघा सांभाळत उभा असलेला, काय चाललंय ते न कळलेला तिचा नवरा तिच्याकडे बघत राहिला.

"प्रवासी उशीर करत आहेत," रिक्षा म्हणाली.

"तू गप्प बस," ऋजुता तिला म्हणाली.

"लागलंय," परागने सांगितलं. तो तिच्या मानेची वाट बघत होता. त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं.

ऋजुताने मान हलवली नाही.

"मला नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "परत ओढ."